भात्याचा हात

या आठवणींची आधीची प्रकरणे माझा पुतण्या दत्ता याने वाचली आणि एक आक्षेप नोंदवला: बालपणाच्या पुस्तकात संगणकाचे काय काम? त्याला माझे उत्तर असे की, माणसाचे वाढणे केव्हा संपले हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याच्याकडे असतो, आणि माझे सत्तरी ओलांडल्यावरही संपलेले नव्हते. शिवाय जी हकीकत मी इथे सांगणार आहे तिची एक आवृत्ती दत्ता लग्नकार्यांत सांगत हिंडतो, दुसरी माझी धाकटी बहीण सुमन सांगते, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. दत्ताच्या म्हणण्याप्रमाणे मी माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, गर्वापोटी गाण्यातून काढून टाकले. सुमनच्या म्हणण्याप्रमाणे मी त्यांची लाज राखली. दत्ता मला आहे त्यापेक्षा दुष्ट करतो आणि सुमन आहे त्यापेक्षा भला. ही सवलत मी दोघांनाही देणार नाही.

आम्ही कळंबचे. धान्याच्या आडतीमागच्या बोळात आमचे घर होते आणि त्या घराच्या ओसरीवर वडील वाजवायच्या पेट्या दुरुस्त करीत. तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या, देवीच्या आराध्यांच्या मेळ्यांच्या, शाळांच्या पेट्या आमच्याकडे येत. कुणाच्या भात्याला उंदराने भोक पाडलेले, कुणाची पट्टी दाबली की वर यायचे नाव नको. पेटी उघडून वडील आतले पितळी सूर एकेक बाहेर काढत, ओठांत धरून फुंकत, कानसेने जरासे खरवडत आणि पुन्हा फुंकत. दुपारी सगळा बोळ झोपायचा प्रयत्न करी तेव्हा आमच्या ओसरीवरून एकच सूर तासभर रडत असे. शेजारच्या आडत्याची बायको भिंतीपलीकडून ओरडे, "अवो, त्याला एकदा मारून तरी टाका, न्हाय तर खाऊ तरी घाला!" वडील हसत नसत आणि थांबतही नसत. गंधार मात्र ते प्रत्येक पेटीत किंचित उतरलेला ठेवत. बाहेरगावचा एखादा जाणकार वाजवणारा कुरकुरला, तर म्हणत, "आपल्या बायका तिथंच गातात. पेटीनं त्यांच्याकडं जायचं, त्यांनी पेटीकडं न्हाय." संध्याकाळी स्वयंपाकघरात येसर आमटीला उकळी येई, तिचा वास आणि पेटीच्या भात्यातल्या जुन्या कातड्याचा वास एकत्र होत, आणि आजही यांपैकी एक आला की दुसऱ्याची मला वाट पाहावीशी वाटते. भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतायची, कडेला शेंगदाण्याची चटणी, आणि आई जेवण वाढता वाढताच गुणगुणत असे. मंगळवारी ती आराध्यांच्या मेळ्यात देवीची गाणी म्हणायला जाई. तिचा आवाज गोड होता असे मी म्हणणार नाही, कारण तो नव्हता. तो रुंद होता, आणि त्यात उभे राहायला जागा होती.

मला ही विद्या आली नाही, अण्णांना आली. अण्णा म्हणजे तेच थोरले भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. दत्ता सांगतो की, मी शिकावे म्हणून अण्णांनी शाळा सोडली. हे धादांत खोटे आहे. अण्णांना शाळेचा मनापासून कंटाळा होता, भूमितीच्या तासाला ते बाकावर बोटांनी पेटी वाजवीत आणि गुरुजींची छडी खात. शाळा सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी स्वतः पाहिलेला आहे. त्यांनी त्याग केला असे म्हणणे हा त्यांच्या आनंदाचा अपमान आहे. पुढे ते सासुरवाडीच्या शेतावर शेजारच्या वाशीला गेले, वडिलांमागे घरची पेटीही त्यांच्याबरोबर गेली, आणि मी गणिताचा शिक्षक होऊन अखेर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आईची गाणी सुमनकडे राहिली. ती कळंबातच दिलेली. लिहून ठेवण्याची त्या गाण्यांची रीत नव्हती. सुमन गेली की ती जाणार, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होते.

म्हणून मी संगणक घेतला. मुख्याध्यापकाने या वयात घरात गाणी तयार करण्याचा कारखाना काढला याचे गावाला बरेच कौतुक आणि थोडी करमणूक झाली, पण मी कुणाची मदत न घेता शिकलो हे नमूद करतो. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, मायक्रोफोन आणला, सुमनला बसवले आणि आईचे पहिले गाणे तिच्या आवाजात घेतले. सुमनच्या हातात झांज होती. तालाला तेवढी पुरे होती. आता पेटी हवी होती, आणि पेटी म्हणजे अण्णा, यात आम्हा तिघांपैकी कुणालाही दुसरे काही सुचण्यासारखे नव्हते.

अण्णा वाशीहून दत्ताच्या गाडीतून आले. पेटी त्यांनी मांडीवर धरून आणली होती, गाडीच्या मागच्या बाजूला ठेवू दिली नव्हती. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि डावा हात कमजोर झाला होता. उजवा मात्र शाबूत होता. ज्यांनी पेटी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: उजवा हात सूर वाजवतो, डावा मागचा भाता मारून वारा पुरवतो. अण्णांची बोटे पूर्वीसारखीच पट्ट्यांवरून गेली, हरकती तिथल्या तिथे आल्या. पण लांब ओळीच्या शेवटी डावा हात थकला, वारा संपला आणि सूर खाली बसला. पुन्हा घेतले. पुन्हा बसला. दत्ता पुढे झाला. त्याने सायकलीत हवा भरावी तसा भाता मारला आणि पेटी हंबरू लागली.

"आरं, टायर फुटंल!" अण्णा म्हणाले आणि सुमन झांज खाली ठेवून हसत सुटली. मग अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "नाना, तू बस की. तुला येतंय."

मला येत होते. सात-आठ वर्षांचा असल्यापासून मी अण्णांसमोर बसून त्यांचा भाता मारलेला होता. ते वडिलांची दुरुस्त झालेली पेटी तपासायला वाजवत आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवण्याची हौस भागवत; वारा देणारा मी. त्यात एक कसब असते आणि ते मला होते असे मी निःसंकोच म्हणतो. अण्णा एखाद्या सुरावर थांबणार असतील, तर त्यांच्या खांद्यावरून ते आधीच कळे आणि मी हात हलका करी. बोलावे लागत नसे. आम्ही भावंडे म्हणून भांडलो असू तेवढे कोणी भांडले नसेल, पण भात्यावर आमचे भांडण झाल्याचे मला आठवत नाही.

मी म्हणालो, "मी बसलो तर संगणक कोण बघणार, अण्णा? आणि एका मायक्रोफोनपुढे दोन माणसं म्हणजे माझा श्वास येणार, गुडघे वाजणार."

"वाजू दे की. म्हातारी माणसं बसलीत हे कळंल लोकास्नी."

"असं चालत नाही," मी म्हणालो. "याचं एक शास्त्र असतं."

हे कारण तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते आणि आजही कुणी ते खोडून दाखवावे. पण त्या खोलीत दत्ता उभा होता, दारात त्याची मुले होती, माझा एक माजी विद्यार्थी तारा जोडून द्यायला आला होता, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून भाता मारणे मला नको होते. दत्ता याला गर्व म्हणतो. मी त्याला नाव देत नाही. फक्त इतके सांगतो की, नाही म्हणायला मला एक क्षणही लागला नाही. अण्णांनी मान हलवली. "तुझं शास्त्र तुला म्हाईत," म्हणाले, आणि जमेल तसे दोनदा वाजवून दिले. जाताना पेटीची खोळ बांधायला त्यांना सुमनने मदत केली.

त्यानंतरचे कित्येक दिवस मी पेटी निवडण्यात घालवले. संगणकात वापरायची वाद्ये मिळतात. काही फुकट, काही विकत, बरीच आधी चाखून पाहण्यापुरती. ती खोटी नसतात, हा लोकांचा गैरसमज आहे. कुणीतरी खऱ्या वाद्याची एकेक पट्टी हळू दाबून, जोरात दाबून, मायक्रोफोनपुढे वाजवून घेतलेली असते. आपण संगणकाला जोडलेल्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या छोट्या कळफलकावर बोट ठेवले की तो साठवलेला सूर उमटतो. पहिली पेटी मिळाली ती परदेशात एखाद्या मोठ्या दगडी सभागृहात घेतलेली असावी. सुमनचे गाणे तिच्याबरोबर लावले तेव्हा आमची बहीण नळदुर्गच्या किल्ल्यात हरवल्यासारखी वाटली. दुसरी इतकी स्वच्छ होती की, तिला ना लाकूड होते ना वारा. इस्पितळात धुऊन ठेवलेल्या भांड्यासारखी. तिसरीत सूर चांगले, पण प्रत्येक सूर अगदी एकसारखा सुरू होई आणि चार ओळींनंतर कानाला कळे की, हा माणूस नाही. सुमनला मी सगळ्या ऐकवत असे. ती धपाटे थापत ऐकायची. "ही न्हाय. ही लग्नातल्या फिरत्या रंगमंचाची. ही बी न्हाय. ही इंग्रजी शाळेची." गणिताच्या माणसाला इतकी तंतोतंत समीक्षा क्वचित ऐकायला मिळते.

चौथी सापडली ती कुणा छोट्या हौशी मंडळींनी एका जुन्या पेटीवरून केलेली. तिच्यात पट्टीचा टक् असा लाकडी आवाज होता, भात्याचा सुस्कारा वेगळा साठवलेला होता आणि तो हवा तेवढा कमीजास्त करता येत होता. सुमनचा हात पिठात थांबला. "ही आपल्या घरातली हाय का रं?" नव्हती. पण तिथून पुढे मी ती तशी करण्याच्या मागे लागलो. प्रत्येक सूर स्वतंत्रपणे वरखाली करण्याची सोय होती. मी गंधार वडिलांइतका उतरवला. सुस्कारा वाढवला. मग अण्णांनी दोनदा वाजवलेले पुढे ठेवले आणि कळफलकावर त्यांची प्रत्येक हरकत, प्रत्येक थांबा, चुकून लागलेली एक शेजारची पट्टीसुद्धा, जशीच्या तशी उतरवून काढली. माझी बोटे जिथे मागे पडली तिथे संगणकाने ती पुढे सरकवली. जिथे अण्णांचा सूर वाऱ्याअभावी बसला होता तिथे माझा सूर उभा राहिला. काम संपले तेव्हा ते इतके नेटके झाले होते की, मला स्वतःचा अभिमान वाटला. तो मी लपवत नाही. वाजवणे अण्णांचेच आहे, फक्त वाद्य बदलले, असा युक्तिवाद मी तेव्हाच तयार करून ठेवला होता. कुणी विचारले तर द्यायला तो हाताशी होता. ज्याला विचारण्याचा हक्क होता त्याला आपण होऊन सांगावे, हे मात्र सुचले नाही.

सुमनच्या घरी सगळे जमले आणि गाणे लावले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटे मांडीवर गाण्याबरोबर चालत होती, आणि ज्या ठिकाणी त्या दिवशी सूर बसला होता तिथे आल्यावर ती बोटे थांबली, वाट पाहत राहिली, आणि सूर बसला नाही असे पाहून पुढे गेली. गाणे संपले. सुमन डोळे पुसत होती; ती आईसाठी रडत होती, माझ्या कौशल्यासाठी नव्हे. अण्णांनी डोळे उघडले.

"भाता कुणी मारला?"

पेटी संगणकातली आहे हे सुमनने दत्ताला आधीच सांगितले होते. दत्ता माझ्याकडे बघत होता.

"मी," मी म्हणालो.

"कवा?"

"तुम्ही गेल्यावर. संगणकात भाता वेगळा जोडता येतो. तुमच्या वाजवण्याला मी मागून वारा जोडला."

"बगा," अण्णा सगळ्यांना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की, त्याच्याकडे पाहणे मला अवघड झाले. "म्या म्हणत व्हतो न्हवं, बोटं गेली न्हाईत माझी. वाराच कमी पडत व्हता. नाना, लहानपणी बी इतका एकसारखा कधी मारला न्हाईस रं."

मुख्याध्यापक म्हणून मी असंख्य मुलांना खोटे बोलताना पकडले आहे आणि खोटे बोलताना मूल नको तितके तपशील देते हे मी शिक्षकांना शिकवत असे. त्या दिवशी मी तेच केले. सुमन म्हणते, म्हाताऱ्या माणसाला आनंद दिलास, त्यात काय बिघडले? बिघडले हे, की तो आनंद त्यांचा नव्हता. मी तो दिला आणि परत घेण्याची सोयही ठेवली नाही. दत्ताने ते गाणे त्याच संध्याकाळी फोनवरून नातेवाइकांत पाठवले, त्यांनी पुढे पाठवले, आणि गाण्याखाली अण्णांचे नाव होते. आता दत्ता म्हणतो, काकांनी बाबांना काढून टाकले. दत्ताने खोलीत तोंड उघडले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती. त्याने उघडले नाही, आणि नाव घालून गाणे पाठवले तेही त्यानेच. यातला त्याचा वाटा मी त्याला परत करतो. माझा वाटा त्यामुळे कमी होतो असे मात्र नाही.

पुढच्या मंगळवारी अण्णा न सांगता आले. या खेपेस एस.टी.ने, एकटे, पेटी कुणा प्रवाशाकडून उतरवून घेऊन आणि रिक्षात घालून. गावोगावच्या मंडळींचे फोन येत होते म्हणाले. अणदूरच्या एका भजनी मंडळाने तर खंडोबाच्या जागरणाला बोलावणे धाडले होते. झटक्यानंतर त्यांना कुणी कुठे बोलावले नव्हते. खोलीत येऊन त्यांनी खोळ सोडली, पेटी मधे ठेवली आणि समोरची चटई हाताने थोपटली.

"बस. दुसरं गाणं काढू. आन् या खेपंला मागनं जोडत बसायचं न्हाय, समोर बसूनच मार. मला बरं वाटतं."

खोलीत आम्ही दोघेच होतो. मी बसलो. गुडघे वाजले, मांडी धड जमली नाही, आणि पेटीच्या भात्यावर हात ठेवला तेव्हा ध्यानात आले की, साठ वर्षांत मी तो उघडलेला नाही. अण्णांनी सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्याकडे बघू लागलो आणि मला काही कळेना. ते थांबणार होते तिथे मी जोर लावला, ते लांबवणार होते तिथे माझा हात आखडला. सूर फुगला, बसला, पुन्हा फुगला. मनगट दुखू लागले. मी घाम पुसला आणि म्हणालो, "परत घ्या, अण्णा."

त्यांनी परत घेतले. या वेळी ते वाजवत नव्हते, ऐकत होते. दोन ओळींनंतर बोटे पट्ट्यांवरच राहिली आणि ती दाबायची थांबली. भात्यात उरलेला वारा सावकाश निघून गेला. गाण्यातला एकसारखा वारा ज्या हाताचा म्हणून मी सांगितला होता, त्या माझ्या हाताकडे अण्णा पाहत होते. त्यांनी ते मनगट, तो अंगठा, भात्यावरची ती चुकीची पकड नीट पाहून घेतली, जसे वडील आलेली पेटी उघडण्यापूर्वी बाहेरून पाहत. मी बोलायला तोंड उघडले. माझा युक्तिवाद तयार होता: वाजवणे तुमचेच, वाद्य तेवढे. 

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. अण्णा फोन कानाला लावताना समोरच्याचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा ठेवतात, कारण उजव्या कानाने कमी ऐकू येते. अणदूरचा माणूस होता. गाणे त्याने ऐकले होते, सगळ्या मंडळाने ऐकले होते. "अण्णा, खरं सांगा बरं," तो हसत म्हणाला, "हात अजून इतका गोड चालतोय तुमचा? तुमीच वाजीवलंय का ते?"

अण्णांची नजर माझ्यावरून हलली नाही. तिच्यात राग असता तर मी त्याला उत्तर दिले असते. उत्तर देणे मला नेहमीच जमले आहे.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच वाजीवलंय. भात्याला धाकटा बसला व्हता."